निळी शाल

४ फेब्रुवारी, रविवार

ठिपके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवलं असशील. तरीही उघडलंस, म्हणजे मामीने फोनवर गळ घातली असणार. आभार तिचेच मान. मी कामापुरतं लिहितो आहे.

काम असं. माझ्या जुन्या शाळेला पन्नास वर्षं होताहेत. सतरा मार्चला हॉलमध्ये आजी-माजी मुलांच्या निवडक चित्रांचं प्रदर्शन आहे, आणि त्या चित्रांचं पुस्तकही निघणार आहे. मुखपृष्ठावर तुझी 'निळी शाल' घ्यायची असं सर्वांनी एकमताने ठरवलंय. आताच्या मुख्याध्यापिका म्हणजे एके काळची माझी पाचवीतली विद्यार्थिनी. सूर्याला नाक-डोळे काढायची, आणि का काढलेस विचारलं तर म्हणायची, "मग तो बघणार कसा?" ती म्हणाली, "सर, तुमच्या भाचीची सही तेवढी आणून द्या." तू पलीकडच्या खोलीत बसली आहेस अशा थाटात मी "आणतो" म्हणून आलो. सोबत फॉर्म आहे. खाली उजवीकडे सही कर.

एवढंच लिहायचं होतं. पण कागद उरला आहे आणि कागद वाया घालवायची मला सवय नाही, हे तुला माहीत आहे.

वाचनालयाच्या माडीवर माझा रविवारचा वर्ग अजून चालतो. आता मुलं नसतात, मोठी माणसं येतात. एक बसड्रायव्हर आहेत. त्यांना रस्त्याखेरीज काही काढायचं नसतं, आणि त्यांच्या रस्त्यावर कधी एकही वाहन नसतं. "आयुष्यात एकदा तरी मोकळा बघू द्या की, सर!" एक निवृत्त नर्सबाई आहेत. त्या ब्रश थर्मामीटरसारखा झटकतात, त्यामुळे शेजारच्यांचे सगळे शर्ट नक्षीदार झालेत. पहिल्या दिवशी मी सगळ्यांच्या पेट्यांतून पांढऱ्या रंगाची ट्यूब काढून घेतो, तुझ्या वेळी घ्यायचो तशीच. जलरंगात पांढरं म्हणजे सोडलेला कागद. जिथे उजेड हवा तिथे हात आवरायचा. एकदा रंग बसला की तो पांढरेपणा पुन्हा मिळत नाही. हे सांगताना माझा आवाज अजूनही शाळेत कविता म्हणायचो तसा लागतो. मामी म्हणते, "अहो, शिकवताय की गाताय?" मी काय सांगणार? चव्वेचाळीस वर्षं झाली, कोरा कागद पाण्याने पहिल्यांदा भिजतो आणि समोरचं माणूस श्वास धरून बसतं, तो क्षण मला अजून जुना होत नाही.

जाता जाता एक. सोळा वर्षांपूर्वी तू का रागावलीस हे मला खरोखर उमगलेलं नाही. चित्र थोडं अपुरं होतं. मी खुर्चीवर एक शाल टाकली. कोणता शिक्षक विद्यार्थ्याच्या कागदावर हात फिरवत नाही? आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत बक्षीस तुलाच मिळालं, मला नाही.

सतराला ये. तुझी खोली आहे तशी आहे. म्हणजे तिथे मामीचं शिलाईचं मशीन आहे, पण ते हलवता येतं.

तुझा मामा

१९ फेब्रुवारी, सोमवार

ठिपके,

तुझा निरोप मामीच्या फोनवर आला. "ते चित्र माझं नाही. माझं नाव काढा." मामीने तो मला मोठ्याने वाचून दाखवला. मी ऐकू न आल्यासारखं केलं, म्हणून तिने पुन्हा वाचला, आणखी मोठ्याने.

मी शाळेत जाऊन सांगितलं. मुख्याध्यापिकेचा चेहरा खुलला. "सर, मग तुमचंच नाव घालू या ना! लोक बघतात ती शालच बघतात. ती तुम्ही रंगवलीत हे मला तेव्हाच कळलं होतं. सातवीतल्या पोरीलाही ओळखू येईल तो हात."

खरं सांगू? घरी येताना माझे पाय जमिनीवर नव्हते. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाच्या काचेत मी स्वतःकडे बघून घेतलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मुखपृष्ठावर माझं नाव! मामीला सांगितलं. ती शिवत होती. तिने मशीन थांबवलं नाही, पण पायाचा वेग वाढला. त्या मशीनचा आवाज मला कळतो.

तुला हे का लिहितोय? कारण तुझ्याखेरीज हे कोणाला कळणार?

मी चित्रकार व्हायला निघालो होतो, हे तुला मी कधी नीट सांगितलं नाही. आमच्या घरी रंग विकत आणायची पद्धत नव्हती. मी विटेचा तुकडा दगडावर उगाळायचो, चुलीतला कोळसा घ्यायचो, आणि तुझी आई, माझ्याहून सात वर्षांनी धाकटी, माझ्यासाठी पानं चुरडून हिरवा करून द्यायची. तो दोन दिवसांत तपकिरी व्हायचा आणि ती म्हणायची, "दादा, तुझ्या झाडांना म्हातारपण आलं." पुढे कलाशाळेत गेलो. माझी दोन चित्रं एका प्रदर्शनात लागली. लोक त्यांच्यासमोरून चहाकडे जायचे. त्यानंतर तिसऱ्या वर्षी ती शाळा मिळाली आणि मला वाटलं, तात्पुरती आहे. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने निळ्यावर पिवळा सांडला आणि ओरडला, "सर, गवत झालं!" त्या दिवसापासून मी तात्पुरता राहिलो नाही. माझ्या कागदावर जे उतरत नव्हतं ते या पोरांच्या कागदांवर उतरताना मी पाहिलं, आणि मला ते पुरलं.

म्हणजे पुरलं असं मी म्हणत आलो. पण तुझ्या त्या चित्रातली शाल मी कशी रंगवली, आठवतं? तू पाहिलीच नाहीस मला रंगवताना. कागद किंचित ओला होता. निळा असा पसरला की घडीच्या कडेला आपोआप जांभळी सावली धरली गेली. पंधरा मिनिटं. मी आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम तेवढंच, आणि ते मी तुझ्या कागदावर केलं.

मागच्या पत्रात मी लिहिलं, चित्र अपुरं होतं. तसं नव्हतं. कॉलेजला निघताना तू दारातून म्हणालीस, "मामा, झालंय. चारच्या आत तेवढं हॉलवर पोचवा." तू "झालंय" म्हणालीस, हे मी ऐकलं होतं.

नावाचं काय करायचं ते मी अजून शाळेला कळवलेलं नाही.

मामा

३ मार्च, रविवार

ठिपके,

आज वर्गात जे झालं ते आजच लिहायला हवं. उद्या मी त्याला चांगलं रूप देईन.

नर्सबाई गेले तीन रविवार एक दवाखान्याचा वॉर्ड रंगवताहेत. ओळीने खाटा, हिरवे पडदे, खिडकीतून आलेला उजेड. आज बघतो तर सगळ्या खाटा रंगवून झालेल्या आणि मधली एक कोरी. कडा नीट धरलेल्या, आत नुसता कागद. तुला माझी खोड माहीत आहे. शाळेत कविता म्हणताना एखादं पोरगं शेवटच्या ओळीपाशी अडखळलं की मला थांबवत नसे, ती ओळ मीच म्हणून टाकायचो. तसा माझा ब्रश पुढे गेला. राखाडी भरलेला, टोकावर थेंब.

नर्सबाईंनी माझं मनगट धरलं. नाडी बघतात तसं, तीन बोटांनी.

"सर, ती खाट रिकामी नाही."

"दिसत तर नाही कोणी," मी म्हणालो.

"मला दिसतो ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही दुसऱ्या कोणाचं तरी बघा जरा."

ड्रायव्हर हसले. "सर, नो एन्ट्री आहे तिथं!" सगळे हसले, मीही हसलो, आणि खिडकीपाशी जाऊन ब्रश धूत राहिलो. किती वेळ धुतला कोण जाणे. पाणी केव्हाच स्वच्छ झालं होतं.

घरी येऊन मामीला सांगितलं. म्हटलं, बघ, ठिपकीनेही त्या खुर्चीवर तसंच काही सोडलं असेल का? मामी माझ्याकडे बघतच राहिली. "असेल का? अहो, त्या खुर्चीवर तिची आई होती. खिडकीजवळ, मान वाकडी करून. मी भाजी निवडता निवडता पाहिलं तर मला कळलं, आणि तुम्ही जन्मभर लोकांना बघायला शिकवलंत!"

ती आत निघून गेली. तिला वाटतंय की मला आज कळलं.

ठिपके, मामीला नाही सांगितलं ते तुला सांगतो. मला त्याच दिवशी कळलं होतं.

तू गेल्यावर मी चित्र उचलायला गेलो. स्वयंपाकघर, ओट्यावरचं पातेलं, खिडकी, सगळं दमट करड्या-हिरव्यात. खुर्चीपाशी रंग थांबला होता आणि कागदाचा नुसता उजेड बसला होता. खांद्यांचा उतार. डावीकडे कललेली मान. कडा इतकी नेमकी की पेन्सिलची एक रेघही नव्हती. तुझी आई जाऊन दहा वर्षं झाली होती. या दहा वर्षांत मी तुझे केस विंचरले, तुझ्या वह्यांना कव्हरं घातली, तुझ्याकडून पाढे पाठ करून घेतले, पण तिचं नाव काढलं नाही. माझ्याकडे तिचं एकही चित्र नाही. मी चित्रकार, आणि माझ्या बहिणीचं एकही चित्र मी काढू शकलो नाही. आणि तू एकोणीस वर्षांची पोर, तिला न रंगवता आणून बसवलंस.

मला ते सहन झालं नाही. मत्सर होता का? असावा थोडा. पण त्याहून जास्त असं की ती तिथे बसली होती आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो. पॅलेट ओलं होतं. मी तिच्यावर शाल घातली.

बक्षीस समारंभात तू चित्रासमोर उभी राहिलीस आणि मला विचारलंस, "मामा, ही शाल कोणाची?" मी हसून म्हणालो, "तुझीच की!" आजूबाजूची माणसं हसली. तू नाव पुकारलं तरी स्टेजवर गेली नाहीस. महिन्याभरात तू दुसऱ्या गावी नोकरी धरलीस, आणि लोक विचारायचे तेव्हा मी सांगायचो, जरा मनस्वी आहे.

मामीकडून कळतं की तू दातांच्या लॅबमध्ये आहेस, कॅपचा रंग शेजारच्या दाताशी जुळवतेस. पांढऱ्याच्या किती छटा असतात हे तुझ्याइतकं आता मलाही माहीत नसेल. मागच्या वर्षी मला कवळी बसवली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रंग अगदी नैसर्गिक आलाय." मी तासभर आरशात बघत होतो, कोणी जुळवला असेल. तुझी लॅब नव्हती ती. मी नाव विचारून घेतलं होतं.

आता मला एवढंच हवं आहे की तू पुन्हा रंगवावंस. मला माफ केलंस की नाही हा त्यानंतरचा प्रश्न. आणि तू रंगवणार कशी, जोवर शाळेच्या भिंतीवर तुझ्या आईवर माझी शाल आहे आणि लोक तिला वाहवा म्हणताहेत?

मामा

१७ मार्च, रविवार, संध्याकाळ

ठिपके,

समारंभ होऊन गेला. तू आली नाहीस. मी दाराकडे फार वेळा बघितलं नाही. मामी म्हणते अकरा वेळा, पण ती अतिशयोक्ती आहे.

पाहुणे म्हणून जे गृहस्थ आले होते त्यांचं सगळं भाषण शालीवरच होतं. शाल म्हणजे ऊब, ऊब म्हणजे गुरूचं प्रेम, असं कुठल्या कुठे गेले ते. चित्राखाली शाळेने पट्टी लावली होती, त्यावर फक्त माझं नाव. मी वेळेवर "नको" म्हटलं नव्हतं, त्याचं हे फळ. मग मला बोलायला उभं केलं. मी चार पानं लिहून नेली होती. चष्मा लावला, पानं उघडली आणि पुन्हा मिटली. पानं खिशात घातली आणि चित्रापाशी जाऊन उभा राहिलो.

म्हणालो, "हे चित्र माझं नाही. माझ्या भाचीने ते पूर्ण केलं होतं आणि तसं मला सांगितलंही होतं. तिने खुर्चीवर तिच्या आईची जागा कोरी सोडली होती. शाल मी घातली, तिला न विचारता. त्या शालीखाली माझी बहीण आहे. मी तिला ओळखलं होतं, तरी घातली. मुलांनो, तुमच्या शिक्षकाने तुमच्या कागदाला हात लावला तर त्याचा हात धरा."

पाहुण्यांनी पाणी मागितलं. मागच्या रांगेतून नर्सबाई ठसक्यात म्हणाल्या, "मी धरला होता!" आणि रविवारच्या वर्गातले सगळे जण हसले, पण नर्सबाई डोळे पुसत होत्या.

मुख्याध्यापिका माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता रागावेल. पुस्तक छापायला जायचं होतं आणि मी तिचं मुखपृष्ठ काढून घेतलं होतं. ती म्हणाली, "सर, सातवीत माझ्या समुद्रात तुम्ही एक होडी काढली होतीत." एवढंच म्हणून ती गेली. ठिपके, मला ती होडी आठवत नाही. अशा किती असतील? रात्रंदिवस मुलांवर जीव टाकला असं मी मानत आलो, आणि तो खोटाही नव्हता. पण त्या जिवाने किती जणांचे समुद्र भरून टाकले असतील!

चित्र आता घरी आहे. शाळेने दिलं. मामीने मशीन सरकवून तुझ्या खोलीत त्याला जागा केली. निळा उतरवता येईल का, असं ती विचारत होती. ओला स्पंज फिरवला तर थोडा उतरेल, पण कागद दुखावेल आणि पांढरा परत यायचा नाही. मी त्याला हात लावलेला नाही. ते तुझं आहे. फाडायचं असेल तर फाड. मला फक्त तसं कळव.

घरी आल्यावर मामी म्हणाली, "एवढं बोलायला सोळा वर्षं लागली?" मग तिने चहा टाकला, आणि बऱ्याच वर्षांनी माझ्या चहात साखर विचारून घातली.

मामा

२९ मार्च, शुक्रवार

ठिपके,

काल तू फोनवर मामीला म्हणालीस, "मामांना द्या." मामीने फोन माझ्या हातात दिला तेव्हा मी तो उलटा धरला. तू काय म्हणालीस ते नीट ऐकलं, पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तू वाट पाहिलीस आणि म्हणालीस, "बरं, लिहून पाठवा." म्हणून लिहितो.

तू विचारलंस, ती तशी का बसायची. तू म्हणालीस, तुला तिचा चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही, फक्त ती बसलेली आठवते, आणि ती आजारी होती म्हणून बसायची की काय अशी भीती तुला लहानपणापासून आहे. तुझ्यामुळे थकली होती का, असं विचारताना तुझा आवाज नऊ वर्षांच्या मुलीसारखा झाला.

नाही, बाळा. हे तिच्या आजाराच्या आधीचं आहे.

मी दर गुरुवारी शाळा सुटल्यावर तुमच्याकडे यायचो. तू तेव्हा चार वर्षांची. मी तुला कागद आणि रंग दिले होते. तू चेहरे, झाडं, घरं काही काढायची नाहीस, नुसते ठिपके. शेकडो. तुझं हे नाव तिनेच पाडलं. तुझा बाबा कामावर, घरात तू आणि ती, आणि तू जागी असेपर्यंत तिला उसंत म्हणून नसे. तू पायात पायात करायचीस, कपाटावर चढायचीस, पिठात हात घालायचीस. पण रंग हातात आला की घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी. एकदा मी कौतुकाने तिला म्हटलं, "अगं, बघ तरी, पोरगी काय सुंदर रंग लावते." तिने तुझ्या कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. ती खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली, चपला काढल्या, मान डावीकडे टाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "दादा, चित्राचं मला काही कळत नाही. पण ही रंगवायला लागली की मला अर्धा तास बसायला मिळतं. दिवसभरात तेवढाच काय तो माझा."

तू खाली जमिनीवर होतीस. कागदावरून मान वर केलीस की तुला ती तशी दिसायची.

मामा